साइट दोन महिन्यांनी लाल होते की तीन महिन्यांनी? सर्टिफिकेटच्या परत परत येणाऱ्या अडचणीचं निदान

"सर, साइट उघडंना, लाल पान यायलंय." लातूर, जालना, परभणी, बीड अशा ठिकाणी पतसंस्था, कॉलेज, आडत दुकानं, बाजार समित्या यांच्या साइट सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा फोन ओळखीचा आहे. लाल पान म्हणजे साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिची ओळख पटवणारं मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र, चालत नसल्याचा ब्राउझरचा इशारा. असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, याआधी असं कधी झालं होतं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "मागंही झालं होतं, सर्व्हर बंद करून चालू केला की नीट झालं." मग सर्व्हर पुन्हा बंद-चालू होतो, साइट हिरवी होते, आणि कुणी पुढं काही विचारत नाही.

मला यातली सर्वात जास्त काळजी वाटते ती मधल्या दोन-चार तासांची. त्या वेळात कार्यालयातला माणूस फोनवर लोकांना सांगत असतो, "ॲडव्हान्स्ड दाबा आणि पुढं जा, साइट आपलीच आहे." बारावीच्या निकालानंतर प्रवेशाचा फॉर्म भरणारं लेकरू ते ऐकतं, पतसंस्थेचा खातेदार ऐकतो. ब्राउझरचा इशारा ओलांडायची सवय आपणच लावतो. उद्या कुणी खरोखर बनावट साइट उभी केली, तर हाच खातेदार त्याच हाताने तेच बटण दाबेल. म्हणून ही अडचण मुळापासून काढायला हवी. आणि मुळाकडे जायचा पहिला धागा कमांड लाइनवर नाही, कॅलेंडरवर आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या साइटवर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट असतं. त्याची मुदत ९० दिवसांची. सर्टबॉट हा प्रोग्राम ते साधारण ३० दिवस शिल्लक असताना, म्हणजे ६०व्या दिवशी नवं करतो. आता समजा नवं सर्टिफिकेट वेळेवर आलं, डिस्कवर उतरलं, पण वेब सर्व्हरला ते कुणी सांगितलंच नाही. एनजिनएक्स किंवा अपाची सुरू होताना सर्टिफिकेट मेमरीत घेतो आणि पुन्हा रीलोड होईपर्यंत, म्हणजे फाइल नव्याने वाचेपर्यंत, तेच दाखवत राहतो. ९०व्या दिवशी मेमरीतलं जुनं संपतं, साइट लाल होते. तुम्ही सर्व्हर बंद-चालू करता, तेव्हा ६०व्या दिवशी आलेलं सर्टिफिकेट मेमरीत येतं. त्याचे ३० दिवस मात्र आधीच गेलेले असतात, उरतात ६०. म्हणजे रीलोडची अडचण असेल तर साइट दर दोन महिन्यांनी लाल होते.

नूतनीकरणच होत नसेल आणि दर वेळी कुणीतरी हाताने नवं सर्टिफिकेट काढत असेल, तर अंतर पुरे तीन महिन्यांचं पडतं. मध्येच एखाद्या अपडेटसाठी सर्व्हर रीस्टार्ट झाला असेल तर हा हिशोब बिघडतो, पण जुन्या फोनच्या तारखा काढून बघा. फार वेळा निम्मं निदान तिथंच होतं.

आता खात्री करू. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत करायच्या. सर्व्हर बाहेरच्या जगाला नेमकं काय दाखवतोय ते असं दिसतं:

एको | ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट डोमेन:४४३ -सर्व्हरनेम डोमेन | ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -डेट्स -सिरियल -इश्युअर

'सर्व्हरनेम' हा पर्याय गाळू नका. एकाच सर्व्हरवर पाच-सात साइट असतील तर त्याशिवाय भलत्याच साइटचं सर्टिफिकेट हाती येतं आणि तुम्ही तासभर चुकीच्या दिशेला शोधत बसता. मग डिस्कवरचं सर्टिफिकेट बघा:

ओपनएसएसएल एक्स५०९ -इन फुलचेन.पेम -नोआउट -डेट्स -सिरियल

ही फाइल ईटीसीमधल्या लेट्सएन्क्रिप्ट फोल्डरात, लाइव्हच्या आत, तुमच्या डोमेनच्या नावाने असते. दोन्हीकडचे सिरियल क्रमांक जुळवा. तारखा वाचताना लक्षात ठेवा की त्या जीएमटीत असतात. मुदत १८:४५ ला संपते असं दिसलं, तर आपल्या घड्याळात ती दुसऱ्या दिवशीची रात्री सव्वाबाराची वेळ. "कालपर्यंतची मुदत होती, मग आज पहाटे साइट कशी चालली" असे वाद मी याच साडेपाच तासांपायी झालेले पाहिले आहेत.

सिरियल वेगळे निघाले आणि डिस्कवरचं नवं असेल, तर दोष रीलोडचा. आधी 'एनजिनएक्स -टी' ही कॉन्फिगरेशनची चाचणी चालवा. हे महत्त्वाचं आहे. कॉन्फिगरेशनमध्ये कुठं एखादा अर्धविराम लिहायचा राहिला असेल, किंवा काढून टाकलेल्या साइटच्या सर्टिफिकेटचा पत्ता तसाच असेल, तर रीलोडचा आदेश फुकट जातो आणि एनजिनएक्स जुनंच कॉन्फिगरेशन, जुनंच सर्टिफिकेट घेऊन चालत राहतो. साइट चालू दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. चाचणी साफ निघाली की 'सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स'. पूर्ण सर्व्हर बंद करायची गरज नाही.

पण हे आजच्यापुरतं झालं. पुढच्या वेळेसाठी रिन्युअल-हुक्स फोल्डरातल्या डिप्लॉयमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. तिच्यात चाचणी आणि चाचणी पास झाली तरच रीलोड, एवढंच पुरे. सर्टबॉट प्रत्येक यशस्वी नूतनीकरणानंतर ती चालवतो. फाइलला चालवण्याची परवानगी दिलेली हवी, 'सीएचमॉड +एक्स' विसरलं की सर्टबॉट तिच्याकडे बघतही नाही. सर्टिफिकेट सर्टबॉटच्या एनजिनएक्स प्लगइनने काढलेलं असेल तर रीलोड तोच करतो. वेबरूट (साइटच्या फोल्डरात तपासणीची फाइल ठेवणारी) किंवा स्टँडअलोन (सर्टबॉट स्वतःच तात्पुरता सर्व्हर उभा करतो ती) पद्धतीने काढलेलं असेल तर करत नाही. दोन महिन्यांचा फेरा जिथं जिथं दिसतो तिथं बहुधा वेबरूटच सापडतं. आणि 'सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' ही रंगीत तालीम यशस्वी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. ड्राय-रनमध्ये डिप्लॉय हुक, म्हणजे हीच स्क्रिप्ट, सहसा चालतच नाही, त्यामुळे स्क्रिप्ट एकदा स्वतः हाताने चालवून बघायची.

याच जातीची दुसरी अडचण म्हणजे कॉपी करून ठेवलेली सर्टिफिकेटं. लाइव्ह फोल्डरात खऱ्या फाइल नसतातच, आर्काइव्हमधल्या ताज्या फाइलकडे नेणारे दुवे असतात. कुणीतरी टॉमकॅट या जावा सर्व्हरसाठी किंवा मेल सर्व्हरसाठी तिथून फाइल उचलून दुसरीकडे ठेवली, की ती प्रत त्या दिवसापुरती. वेबसाइट हिरवी, पण मेलचं ॲप तक्रार करतंय, असं दिसलं तर अशी प्रत शोधा. शक्य तिथं सेवेला थेट लाइव्हमधला पत्ता द्या. शक्य नसेल, उदाहरणार्थ जावाला पीकेसीएस१२ फाइलच हवी असेल, तर रूपांतर आणि रीस्टार्ट दोन्ही त्याच डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये टाका.

डिस्कवरचंही जुनंच निघालं, तर नूतनीकरण फसतंय. सर्टबॉटचा टायमर दिवसातून दोनदा प्रयत्न करतो. म्हणजे ज्या दिवशी साइट लाल झाली त्याच्या महिनाभर आधीपासून तो रोज अपयश नोंदवत होता आणि ती नोंद कुणी वाचली नाही. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' मध्ये टायमर आहे का ते बघा, मग लॉग उघडा. एपीटी आणि स्नॅप या दोन वेगळ्या इन्स्टॉलरनी आणलेले दोन सर्टबॉट एकाच मशीनवर बसवलेले असतील तर एक काढून टाका.

लॉगमधली कारणं साधारण ठरलेली. पहिलं, पोर्ट ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीचं दार. "आता सगळं एचटीटीपीएसवर आहे, ८० कशाला उघडं" म्हणून कुणीतरी ते बंद करतं. लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी तपासणी मात्र ८० वरूनच सुरू होते. तिथून एचटीटीपीएसकडे वळवलं तर चालतं, पण दार उघडं हवं. दुसरं कारण आपल्याकडे वाढत चाललंय: फायरवॉलमध्ये फक्त भारतातले पत्ते चालू ठेवणं. हेतू चांगला असतो. पण २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासणी करतं आणि आपले आयपी पत्ते जाहीर करत नाही. त्यामुळे यादीत काही पत्ते घालून हा प्रश्न सुटत नाही. एक तर ८० सर्वांना उघडं ठेवून त्यावर फक्त डॉट वेल-नोन हा रस्ता उत्तर देईल अशी व्यवस्था करा, नाहीतर डीएनएस तपासणीकडे (डोमेनच्या नोंदीत खूण टाकून मालकी दाखवणं) वळा.

तिसरं कारण होस्टिंग बदलल्यावर राहून गेलेली एएएए नोंद, म्हणजे डोमेनच्या आयपीव्ही६ पत्त्याची नोंद. ए नोंद (आयपीव्ही४ पत्त्याची) नव्या सर्व्हरकडे वळवली, आयपीव्ही६ ची जुनीच राहिली. तपासणी आधी आयपीव्ही६ ला जाते, तिथं जुना सर्व्हर भलतंच उत्तर देतो. 'डिग एएएए डोमेन' चालवलं की लगेच कळतं.

आणि तीन महिन्यांचा नेमका फेरा असेल तर हे आधी तपासा: सर्टिफिकेट मॅन्युअल पद्धतीने, डीएनएसमध्ये हाताने टीएक्सटी नोंद टाकून काढलेलं आहे का? वाइल्डकार्डसाठी, म्हणजे डोमेनखालची सगळी उपनावं एकात घेणाऱ्या सर्टिफिकेटसाठी, लोक असं करतात. पहिल्यांदा सुंदर चालतं. पण पुढच्या वेळी नवी नोंद टाकायला कुणी नसतं, आणि सर्टबॉट ती आपोआप करू शकत नाही. डीएनएस देणाऱ्याकडे एपीआय (प्रोग्रामला नोंदी बदलू देणारी सोय) असेल तर त्याचं प्लगइन वापरा. नसेल तर डोमेन एपीआय असलेल्या सेवेकडे हलवा. साइटची गरज फक्त मूळ नाव आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एवढीच असेल, तर वाइल्डकार्डचा हट्ट सोडून द्या, असंच मी सांगेन.

काहीही करताना घाईने पुन्हा पुन्हा कमांड मारू नका. एका नावासाठी तासात ५ अपयशं झाली की तुमच्या खात्याला थांबवलं जातं, आणि नेमक्या त्याच नावांचं सर्टिफिकेट ७ दिवसांत ५ पेक्षा जास्त वेळा मिळत नाही. प्रयोग ड्राय-रनने करायचे, त्याची मर्यादा वेगळी असते.

आता नावाचा प्रश्न. मराठवाड्यात तो २०२३ पासून विशेष दिसतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. अनेक संस्थांच्या डोमेनमध्ये जुनं शहर होतं, काहींनी नवं डोमेन घेतलं. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्यावर जावा म्हणून रीडायरेक्ट लावला. काही महिन्यांनी तक्रारी येतात: जुनी लिंक उघडली की लाल पान. ती जुनी लिंक पावतीपुस्तकावर छापलेली असते, गूगलच्या निकालात असते, पालकांच्या जुन्या मेसेजमध्ये असते.

याचं कारण क्रमात आहे. ब्राउझर आधी सुरक्षित जोडणी करतो, सर्टिफिकेटवरचं नाव जुळवतो, आणि ते जुळलं तरच पुढं बोलतो. रीडायरेक्ट हा त्या पुढच्या बोलण्यातला भाग. जुनं नाव सर्टिफिकेटमध्ये नसेल तर ब्राउझर दारातूनच परत फिरतो, आत लावलेली "नवीन पत्ता अमुक" ही पाटी त्याला दिसतच नाही. जुन्या साइटवर एचएसटीएस (फक्त सुरक्षित जोडणीच वापर, असा ब्राउझरला दिलेला आदेश) लावलेलं असेल तर "पुढं जा" हा पर्यायसुद्धा मिळत नाही. म्हणून जुनं नाव जोपर्यंत कुठं तरी छापलेलं आहे, तोपर्यंत त्याचं सर्टिफिकेट चालू हवं.

सर्टिफिकेटवर कोणती नावं आहेत ते वरच्याच पहिल्या कमांडमध्ये '-डेट्स' च्या जागी '-एक्स्ट सब्जेक्टऑल्टनेम' घातलं की दिसतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन्ही रूपं तपासा. नाव वाढवताना '--सर्ट-नेम' देऊन सगळी नावं '-डी' ने पुन्हा लिहावी लागतात. फक्त नवं नाव लिहिलं तर जुनी गळतात, आणि बऱ्याचदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं रूप असंच गळालेलं असतं.

मात्र जुनी आणि नवी नावं एकाच सर्टिफिकेटमध्ये कोंबू नका, हा माझा ठाम सल्ला आहे. नूतनीकरणात यादीतलं प्रत्येक नाव तपासलं जातं. दोन वर्षांनी कुणी जुन्या डोमेनचे पैसे भरायला विसरलं, की त्या एका नावाची तपासणी फसते आणि चालत्या नव्या साइटचंही सर्टिफिकेट अडकतं. जुन्यासाठी वेगळं सर्टिफिकेट, नव्यासाठी वेगळं. एनजिनएक्समध्ये दोन सर्व्हर ब्लॉक करायचे, एवढंच काम वाढतं. शिवाय जुनं डोमेन सोडून देणं तसंही धोक्याचं. ते दुसऱ्या कुणी विकत घेतलं तर त्याला त्या नावाचं खरंखुरं, हिरवं सर्टिफिकेट मिळू शकतं, आणि तुमच्या पावत्यांवर पत्ता अजून तोच छापलेला असतो.

"माझ्या लॅपटॉपवर उघडतंय, ॲपमध्ये नाही" ही तक्रार वेगळी. तिथं साखळी तुटलेली असते, म्हणजे आपलं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट मिळत नसतं. एस_क्लायंटच्या शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड २१ आला, तर सर्व्हर फक्त स्वतःचं सर्टिफिकेट देतोय, मधलं देत नाही. काही ब्राउझर मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतात, कर्ल किंवा अँड्रॉइडवरची ॲप आणत नाहीत. कॉन्फिगरेशनमध्ये सर्ट.पेमच्या जागी फुलचेन.पेम लिहा. विकत घेतलेल्या सर्टिफिकेटमध्ये आधी आपलं, मग मधलं, अशा क्रमाने 'कॅट' ने एक फाइल करा. पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसेल तर एकाची एंडची ओळ आणि दुसऱ्याची बिगिनची ओळ चिकटतात आणि सर्व्हर फाइल वाचायलाच नकार देतो.

विकतच्या सर्टिफिकेटमध्ये आणखी एक हमखास अडचण: 'की व्हॅल्यूज मिसमॅच'. नवं सर्टिफिकेट एका प्रायव्हेट कीसाठी (सर्व्हरकडच्या गुप्त किल्लीसाठी) काढलेलं, सर्व्हरवर दुसरीच. जुळणी अशी बघा:

ओपनएसएसएल एक्स५०९ -इन फुलचेन.पेम -नोआउट -पबकी | ओपनएसएसएल डीजीएसटी -एसएचए२५६

ओपनएसएसएल पीकी -इन प्रिव्हकी.पेम -पबआउट | ओपनएसएसएल डीजीएसटी -एसएचए२५६

दोन्ही उत्तरं अक्षरशः सारखी हवीत. मॉड्युलस जुळवायची जुनी पद्धत फक्त आरएसए प्रकारच्या कीला चालते, सर्टबॉट २.० पासून ईसीडीएसए की करतो, म्हणून ही पद्धत लक्षात ठेवा.

हा घोळ होतो कारण की कुठं तयार झाली हेच कुणाला माहीत नसतं. विक्रेता आपल्या लॅपटॉपवर की आणि सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) बनवतो, आणि झिप फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो. संस्थेच्या ग्रुपवर, सचिवांच्या मेलमध्ये, दोन जुन्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये ती की कायमची राहते. हे चालवून घेऊ नका. की सर्व्हरवरच बनवा, फाइलचा मालक रूट आणि परवानगी ६००, आणि बाहेर पाठवायचा तो फक्त सीएसआर. त्यात गुपित काही नसतं. की आधीच अशी फिरलेली असेल तर नवी की करून नवं सर्टिफिकेट घ्या आणि जुनं रिव्होक (रद्द) करा. त्याच कीवर मुदत वाढवून उपयोग नाही.

सर्वांकडे साइट चालते आणि कार्यालयातल्या एकाच कॉम्प्युटरवर लाल दिसते, तर त्याचं घड्याळ बघा. लाइट गेली, मदरबोर्डवरचा सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षं मागं गेली: त्या मशीनच्या हिशोबाने सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. सेल बदला, वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सोय चालू करा. सर्व्हर कार्यालयातच ठेवलेला असेल तर त्यावरही 'टाइमडेटसीटीएल' चालवून बघा.

राहिली पाळत. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलं, त्यामुळे "मेल येईल तेव्हा बघू" हा आधार गेला. आणि मुदती आखडत चालल्या आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमच्या ठरावाप्रमाणे विकतच्या सर्टिफिकेटचीही कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा माणूस बोलावून सर्टिफिकेट बसवण्याची पद्धत यापुढं परवडणार नाही.

साधी सोय अशी. पहिल्या कमांडमध्ये एक्स५०९ पुढं '-नोआउट -चेकएंड १२०९६००' लिहा. १२०९६०० सेकंद म्हणजे १४ दिवस. तेवढी मुदत शिल्लक नसेल तर कमांड अपयशाचा कोड देते, त्यावर मेल किंवा टेलिग्राम मेसेज पाठवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रोज सकाळी लावा. सर्टबॉट ३० दिवस आधी काम सुरू करतो, म्हणून १४ दिवसांचा इशारा आला याचा अर्थ कुठं तरी नक्की अडलंय, आणि दुरुस्तीला दोन आठवडे हाताशी आहेत. जोडणीच झाली नाही तरी इशारा यावा अशी स्क्रिप्ट लिहा. तपासणी डिस्कवरच्या फाइलची करू नका, जोडणी करून मिळणाऱ्या सर्टिफिकेटची करा, म्हणजे रीलोड राहिलेला असेल तर तोही पकडला जाईल. ती त्याच सर्व्हरवरून चालवू नका, दुसऱ्या मशीनवरून चालवा. आणि नावांच्या यादीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं रूप, मेलचं नाव आणि जुनं डोमेन, तिन्ही घाला.